अ‍ॅप बंद पडलं तर माझ्या शेअर्सचं काय?

प्रश्न: ताई, मी रिटायर्ड माणूस. पूर्वी सर्टिफिकेट पोस्टाने घरी यायचं, कपाटात ठेवलं की काम झालं. आता मुलाने मोबाईलवर अ‍ॅप टाकून दिलंय, सगळं त्यातच दिसतं. उद्या ती ब्रोकर कंपनीच बुडाली तर? हातात कागद नाही म्हणून जीवाला घोर लागतो.
- एक वाचक, सांगली

उत्तर: काका, तुमचे शेअर अ‍ॅपमध्ये नसतातच मुळी, ते तुमच्या नावावर डिपॉझिटरीत, म्हणजे शेअर्सची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत असतात, १९९६ ला सुरू झालेल्या एनएसडीएलमध्ये नाहीतर १९९९ च्या सीडीएसएलमध्ये, अ‍ॅपवर फक्त आकडा दिसतो. ब्रोकर बंद झाला तरी शेअर न विकता दुसरीकडे हलवता येतात. आणि कागदाचं म्हणाल तर सही जुळली नाही म्हणून सर्टिफिकेट परत यायची, पोस्टात गहाळ व्हायची, ते दिवस आठवा जरा.

पण तुमची भीती अगदीच खोटी नाही. २०१९ मध्ये कार्व्ही ब्रोकिंगने ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण टाकून कर्ज उचलल्याचं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने बाहेर काढलं, लोकांनी सही करून दिलेल्या पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचा गैरवापर झाला होता. तेव्हासुद्धा ८० हजारांवर लोकांचे शेअर परत त्यांच्या खात्यात आले, कारण कोणाचं काय हे डिपॉझिटरीच्या रेकॉर्डला होतं. आता पॉवर दिलेली नसेल तर विकताना पिन आणि ओटीपी लागतो, तो कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी द्यायचा नाही.

तुम्ही एकच करा, डिपॉझिटरीकडून ईमेलवर स्टेटमेंट येतं, त्याला कॅस म्हणतात, पासवर्ड तुमचा पॅन नंबर, कॅपिटलमध्ये. ज्या महिन्यात व्यवहार केला त्याचं येतंच, ते उघडून अ‍ॅपशी ताडून बघा. आज घेतलेला शेअर पुढच्या कामाच्या दिवशी डिमॅटला, म्हणजे डिपॉझिटरीतल्या तुमच्या खात्यात, जमा होतो, जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअर्सना हाच नियम आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कोणी भलतंच अ‍ॅप टाकायला लावलं आणि त्यात लाखोंचा नफा दिसला, पण डिमॅटच्या स्टेटमेंटमध्ये त्यातलं काहीच नाही, तर ते शेअर घेतलेलेच नाहीत, सरळ फसवणूक आहे, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आणि हो, शेअर विकून आलेले पैसे ब्रोकरकडे तसेच पडून ठेवू नका, ते डिपॉझिटरीत नसतात, बँकेत काढून घ्या.