गोचीड मारायला कपाशीचं औषध: पोटातल्या रेडकाचं काय?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): म्हैस पाच महिन्यांची गाभण आहे. गोचीड फार झाले म्हणून चार दिवसांपूर्वी कपाशीवरचं क्लोरपायरीफॉस पाण्यात मिसळून पंपानं तिच्या अंगावर मारलं. तासाभरात लाळ गळायला लागली, अंग थरथरलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर सावरली, आता चारा खाते. रेडकाला काही होईल का?

उत्तर: भाऊ, डॉक्टरांना लगेच बोलावलंत, त्यामुळं म्हैस वाचली. अंग अजून धुतलं नसेल तर आजच हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं धुवा. दूध देत असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत ते घरात वापरू नका, डेअरीलाही घालू नका.

आता रेडकाचं. हातपाय, काळीज वगैरे अवयव पहिल्या दीड-दोन महिन्यांतच घडतात, त्यामुळं पाचव्या महिन्यात व्यंगाची भीती कमी. मेंदूची वाढ मात्र शेवटपर्यंत चालू असते आणि हे औषध वारेतून पोटातल्या जीवापर्यंत पोचतं. गाभण उंदरांना क्लोरपायरीफॉस दिलं, तेव्हा पिलांच्या मेंदूची वाढ बिघडलेली दिसली. क्लोरपायरीफॉसच्याच गटातलं (ऑरगॅनोफॉस्फेट) ट्रायक्लोरफॉन हे औषध परदेशात गाभण डुकरिणींना उपचार म्हणून द्यायचे. गाभणकाळाच्या मधल्या टप्प्यात ते दिलेल्या डुकरिणींची पिल्लं थरथरतच जन्मली, त्यांचा लहान मेंदू (तोल सांभाळणारा मागचा भाग) खुरटलेला निघाला. म्हणून म्हैस चारा खाते एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. तुमचं रेडकू बिघडलंच असंही मी म्हणत नाही. पशुवैद्यकाकडून गाभ तपासून घ्या.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाबद्दलही बरेच जण विचारतात. औषध किती प्रमाणात जीव घेतं, एवढंच तो सांगतो. हिरवा, म्हणजे सर्वांत कमी विषारी, असला तरी गाभण जनावराला चालतं असा त्याचा अर्थ नाही.

पुढं म्हैस गाभडलीच, तर सगळा दोष फवारणीवर टाकू नका. शेवटच्या महिन्यांतल्या गर्भपाताला ब्रुसेलोसिस हा जंतूंमुळं होणारा रोगही कारण असतो आणि तो माणसालाही होतो. गाभडलेलं रेडकू, वार उघड्या हातानं उचलू नका, रक्ताची तपासणी करून घ्या.

गोचिडासाठी जनावरांचंच औषध, तेही गाभण असल्याचं डॉक्टरांना सांगून. 1962 वर फोन केला तर पशुवैद्यकाचं फिरतं पथक येतं. फवारणीचा पंप आणि औषध कालवायची बादली गोठ्यापासून लांब ठेवा. त्याच बादलीतून म्हशीला पाणी पाजताना मी पाहिलंय.