बाळ येणाऱ्या वर्षाचा विमा: खिशातून नक्की किती जाईल, हे कसं काढायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतलं पहिलंच ओपन एनरोलमेंट (वर्षातून एकदा विमा निवडायची मुदत), 2026 साठी ऑफिसने दोन प्लॅन पुढे ठेवलेत, एप्रिलमध्ये बाळंतपण आहे, आणि पगारातून कमी कापणारा प्लॅन पुढे महागात पडेल का?

तुम्ही दिलेले आकडे असे आहेत. पीपीओ (जास्त हप्ता, कमी डिडक्टिबलचा प्लॅन): दर पगारातून 150 डॉलर, डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम) माणशी 750 आणि कुटुंबाचं 1,500, त्यापुढे 10 टक्के तुमचे, वर्षात बिलांपोटी खिशातून जाणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा माणशी 3,000 आणि कुटुंबाची 6,000. एचडीएचपी (कमी हप्ता, जास्त डिडक्टिबलचा प्लॅन): दर पगारातून 75, सगळ्या कुटुंबाचं मिळून एकच डिडक्टिबल 4,000, त्यापुढे 20 टक्के, मर्यादा 8,000, शिवाय कंपनी एचएसएमध्ये (एचडीएचपीसोबत मिळणारं, आरोग्यखर्चासाठीचं करमुक्त बचत खातं) 1,000 घालणार.

आधी हप्ता वर्षाचा करून घ्या. पगार दर दोन आठवड्यांनी होत असेल तर वर्षात 26 पगार येतात. महिन्याला दोन धरून 24 ने गुणलं की पहिल्याच पायरीवर हिशेब चुकतो. (काही कंपन्या 24 पगारांतूनच हप्ता कापतात, एचआरला विचारून घ्या.) 26 धरले तर पीपीओचे 3,900 आणि एचडीएचपीचे 1,950.

आता दोन्ही टोकं पाहा. वर्षभर कुणीच आजारी पडलं नाही तर पीपीओला 3,900 जातात. एचडीएचपीला 1,950 जातात आणि कंपनीचे 1,000 खात्यात राहतात, म्हणजे खरा खर्च 950. वार्षिक तपासणी आणि लसी दोन्हीकडे नेटवर्कमध्ये (विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरांकडे) फुकट असतात, त्यामुळे त्या यात धरू नका. दुसरं टोक म्हणजे दोन्हीकडची कमाल मर्यादा गाठणं. पीपीओ 3,900 अधिक 6,000, म्हणजे 9,900. एचडीएचपी 1,950 अधिक 8,000 उणे 1,000, म्हणजे 8,950. दोन्ही टोकांना एचडीएचपीच स्वस्त! इथेच बरेचजण थांबतात आणि फॉर्म भरून टाकतात. पण तुमचं वर्ष बहुधा या दोन टोकांच्या मधे पडणार आहे, आणि नेमकं तिथेच चित्र उलटतं.

समजा विमा कंपनीच्या ठरलेल्या दराने आईचं बिल 16,000 आणि बाळाचं 3,500 आलं. हॉस्पिटलने छापलेला आकडा धरू नका, तो याच्या कितीतरी पट असू शकतो. ईओबीवर (प्रत्येक बिलानंतर विमा कंपनी पाठवते तो तपशील) ‘अलाउड अमाउंट’ म्हणजे मान्य रक्कम या रकान्यात जे येतं तेच धरायचं.

पीपीओमध्ये आईचे 750, उरलेल्या 15,250 चे 10 टक्के म्हणजे 1,525, एकूण 2,275. बाळाचे 750 आणि 2,750 चे 10 टक्के 275, एकूण 1,025. दोघांचे मिळून 3,300. हप्ता धरून 7,200.

एचडीएचपीमध्ये दोघांचं बिल एकत्र 19,500. त्यातले पहिले 4,000 पूर्ण तुमचे, उरलेल्या 15,500 चे 20 टक्के 3,100, म्हणून 7,100. हप्ता मिळवा, कंपनीचे 1,000 वजा करा: 8,050. म्हणजे साध्या बाळंतपणात पीपीओ 850 डॉलरने स्वस्त.

सिझेरियन होऊन आईचं बिल 25,000 झालं तरी पीपीओच पुढे. आईची 3,000 ची मर्यादा गाठली जाते, बाळाचे 1,025 तेवढेच राहतात, हप्ता धरून एकूण 7,925. एचडीएचपीची मर्यादा भरून 8,950 होतात. पण बाळाला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागलं तर बाळाचीही 3,000 ची मर्यादा भरते, पीपीओ 9,900 वर जातो आणि एचडीएचपी 8,950 वरच थांबतो. जुळं असेल किंवा डॉक्टरांनी आधीच जोखीम सांगितली असेल, तर हा शेवटचा हिशेब तुमचा.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे जी नव्या आईबाबांच्या लक्षात येत नाही: जन्माच्या क्षणापासून बाळ विम्याच्या दृष्टीने वेगळा माणूस असतो. त्याच्या नावाने वेगळं खातं उघडतं, नर्सरी, बालरोगतज्ज्ञाची तपासणी आणि श्रवणचाचणी त्यावर लागते, आणि माणशी डिडक्टिबल असलेल्या प्लॅनमध्ये त्याचं डिडक्टिबल शून्यापासून सुरू होतं. फक्त आईचं बिल धरून केलेला अंदाज म्हणूनच कमी पडतो.

ठरलेला दर कळण्यासाठी विमा कंपनीच्या साइटवर लॉगिन करून खर्चाचा अंदाज काढता येतो. फोन केलात तर डॉक्टर आणि हॉस्पिटल या दोघांची नावं सांगा आणि कोड द्या: साध्या प्रसूतीचा 59400, सिझेरियनचा 59510. या एका कोडमध्ये डॉक्टरांच्या नेहमीच्या गर्भतपासण्या, प्रसूती आणि नंतरची तपासणी सगळं येतं आणि बिल प्रसूतीनंतर लागतं. हॉस्पिटलची खोली, भूल देणारे डॉक्टर, सोनोग्राफी आणि लॅब यांची बिलं वेगळी येतात. सोनोग्राफी आणि लॅब ज्या तारखेला झाली त्या वर्षाच्या डिडक्टिबलमध्ये जातात. त्यामुळे 2025 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या तपासण्या 2026 च्या हिशेबात मिसळू नका.

आता कराची बाजू. ‘एचएसएमध्ये कर वाचतो’ म्हणून एचडीएचपी घ्या, असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच आहे, कारण हप्ताही बहुतेक ठिकाणी करपूर्व कापला जातो आणि पीपीओसोबत एफएसए (आरोग्यखर्चासाठी पगारातून करपूर्व पैसे बाजूला ठेवायचं, त्या वर्षापुरतं खातं) घेता येतं. 2026 मध्ये एफएसएत 3,400 पर्यंत टाकता येतात आणि तुमचा अंदाज 3,300 आहे, म्हणजे तो सगळा करमुक्त पैशातून निघतो. तुम्ही फेडरल आयकराच्या 22 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर पगारावरचे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे 7.65 टक्के धरून सुमारे 29.65 टक्के वाचतात, पण दोन्ही बाजूंना. 850 चा फरक साधारण 600 वर येतो, उलटत नाही. कुटुंबाची एचएसए मर्यादा 2026 साठी 8,750 आहे आणि कंपनीचे 1,000 त्यातच मोजले जातात. एचएसएत पैसे पगारातूनच वळवा. स्वतः बँकेतून भरले तर आयकर वाचतो, ते 7.65 टक्के वाचत नाहीत. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत राज्याचा कर एचएसएवर लागतोच.

पैसे हातात कधी येतात हेही पाहा. एफएसएची वर्षभराची ठरवलेली रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. एचएसएत जेवढे जमा झाले तेवढेच. एप्रिलअखेर 26 पैकी आठ-नऊ पगारच झालेले असतील आणि समोर 7,100 चं बिल असेल. अशा वेळी बिल थोडं थोडं करून भरायची सोय हॉस्पिटलकडे मागा, किंवा सध्या दुसरीकडून भरून पावत्या जपून ठेवा. खातं उघडल्यानंतरच्या खर्चाची भरपाई एचएसएतून पुढे कधीही काढता येते. डॉक्टरांचं ऑफिस सातव्या महिन्याच्या सुमारास आगाऊ रक्कम मागू शकतं. कुठल्या अंदाजावर मागताहेत ते लेखी घ्या आणि ईओबी आल्यावर ताळा करा.

नवऱ्याच्या ऑफिसबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण ते महत्त्वाचं आहे. त्यांचं तिथे साधं वैद्यकीय एफएसए चालू असेल तर त्यातून तुमचाही खर्च भागवता येतो असं धरलं जातं, आणि तुम्हाला एचएसएत पैसे टाकता येत नाहीत. एचडीएचपीचा सगळा हिशेब तिथेच कोसळतो. फक्त दात आणि डोळ्यांपुरतं मर्यादित एफएसए असेल तर चालतं. बाळाचं नाव दोघांच्या विम्यात घातलंत, तर ज्या पालकाचा वाढदिवस वर्षात आधी येतो (जन्मसाल नाही, महिना आणि तारीख) त्याचा विमा बाळासाठी पहिला ठरतो. तो प्लॅन कमकुवत असेल तर बाळाचं नाव एकाच, चांगल्या विम्यात ठेवा.

बाळाचं नाव 30 दिवसांच्या आत नोंदवा, विमा जन्मतारखेपासून लागू होतो. सोशल सिक्युरिटी नंबर यायची वाट पाहत बसू नका, तो नंतर भरता येतो. आणि तो 150 चा आकडा ‘कर्मचारी आणि जोडीदार’ या गटाचा आहे की ‘कुटुंब’ या गटाचा? पहिला असेल तर बाळ आल्यावर हप्ता वाढेल आणि वरची बेरीज पुन्हा करावी लागेल.

कमाल मर्यादेत हप्ता आणि नेटवर्कबाहेरचा खर्च धरला जात नाही. नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर नेटवर्कबाहेरचे निघाले तर 2022 पासूनच्या कायद्याने तुम्हाला संरक्षण आहे. रस्त्याने जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सला मात्र नाही.

तुमच्या आकड्यांवर माझं मत: जोखीम सांगितलेली नसेल तर 2026 साठी पीपीओ घ्या आणि एफएसएत 3,300 ठेवा. 2027 मध्ये बाळाच्या नेहमीच्या भेटीच उरल्या तर एचडीएचपीकडे वळायला हरकत नाही. पण त्याआधी डिसेंबर संपेपर्यंत एफएसए पूर्ण रिकामं करा. कंपनी परवानगी देत असेल तर 680 पर्यंत रक्कम पुढच्या वर्षात जाते, आणि ती साध्या एफएसएत गेली की 2027 चं पूर्ण वर्ष तुम्हाला एचएसएत एक डॉलरही टाकता येत नाही.