आधी आकडा लिही, मग राउंडला उभी राहा

प्रिय बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘मोठे सर बोलले की मलाच चुकीचं दिसलं असं वाटायला लागतं,’ या ओळीपाशी थांबले. तू याला भित्रेपणा म्हणतेस, मला ते पटत नाही. भित्र्या माणसाला खरं दिसतं, फक्त तो गप्प बसतो. तुझं दिसणंच डळमळतंय.

नर्स म्हणून माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. मुलांच्या वॉर्डात तीन वर्षांचा एक मुलगा न्यूमोनियाने भरती होता. सकाळी त्याचा सदरा वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, 52 भरले. त्या वयाला 40 च्या पुढे गेले की सावध व्हायचं, हे तुला शिकवलंच असेल. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. राउंडला सर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहूनच म्हणाले, ‘सुधारतोय, उद्या सोडू.’ ज्युनिअर डॉक्टरांनी माना डोलावल्या, आमच्या इन्चार्ज सिस्टरांनीही. मी पुन्हा मुलाकडे पाहिलं आणि शपथेवर सांगते, तो खड्डा मला आता उथळ दिसला! राउंड पुढे गेल्यावर मी चार्टवरचा 52 खोडून 38 लिहिला. मला कुणीही तसं सांगितलं नव्हतं. संध्याकाळी पोराचे ओठ निळे पडले. ऑक्सिजनवर चार दिवस काढून तो वाचला. पण माझ्या हाताने खोडलेला तो आकडा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

बऱ्याच वर्षांनी सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाबद्दल वाचलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. 1950 च्या दशकात अमेरिकेत त्याने विद्यार्थ्यांना फक्त रेघांची लांबी ओळखायला सांगितली. लहान मूलही सांगेल इतकं सोपं काम. पण आधी बोलणारे सगळे त्याचेच पढवलेले होते आणि ठरवून एकच चुकीचं उत्तर देत होते. अशा वेळी खऱ्या विद्यार्थ्यांची सुमारे एक तृतीयांश उत्तरं चुकली. नंतर काहींनी सांगितलं की आपल्या डोळ्यांतच काही दोष असेल असं वाटलं.

आपल्या कामाच्या जवळचा प्रयोग हॉफलिंग या मानसोपचारतज्ज्ञाचा, 1966 सालचा. पाळीवरच्या नर्सला एक अनोळखी डॉक्टर फोन करायचा: अमुक औषध 20 मिलिग्रॅम द्या, सही मी येऊन करतो. डबीवर छापलेलं, दिवसाला जास्तीत जास्त 10. 22 पैकी 21 जणी औषध घेऊन पेशंटकडे निघाल्या! दारातच त्यांना अडवलं, औषधही निरुपद्रवी होतं. ‘तुम्ही असं केलं असतं का?’ असं वेगळ्या 21 विद्यार्थिनींना नुसतं विचारलं, तर एकजात सगळ्या नाही म्हणाल्या. म्हणून ‘मी असते तर बोलले असते’ या वाक्यावर माझा विश्वास नाही, स्वतःच्या तोंडून आलं तरी.

पण 1977 मध्ये असाच प्रयोग पुन्हा झाला. या वेळी औषध ओळखीचं होतं आणि सोबतिणीला विचारायची मोकळीक होती. तेव्हा 18 पैकी 16 जणींनी डोस दिला नाही. अ‍ॅशकडेही तेच दिसलं होतं. शेजारी एक जण जरी खरं बोलला, तरी चुका झपाट्याने कमी व्हायच्या. उत्तर तोंडी न देता कागदावर लिहायला सांगितलं, तरीही.

म्हणून राउंडच्या आधी श्वास मोज आणि वेळेसकट पेनने लिही. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस. सर वेगळं म्हणाले तर वाद नको, ‘सर, नऊ वाजता 52 होते, आत्ता परत मोजू का?’ एवढंच म्हण. बहुतेक डॉक्टर थांबतात. फोनवर ऑर्डर आली तर औषधाचं नाव आणि डोस मोठ्याने परत वाचून दाखव, आणि डबी सोबतिणीच्या हातात दे. तिला काय वाचायचं ते सांगू नकोस, तिचं तिला वाचू दे.

आणि पुढच्या महिन्यात तुझ्या हाताखाली विद्यार्थिनी येतील. त्यांच्या लेखी मोठी सिस्टर तूच असशील. मुलाजवळ उभ्या राहिलात की तिला आधी मोजू दे, तिचा आकडा आधी विचार. तुझा त्यानंतर सांग.

तुझी,
सिस्टर