म्युझस्कोअरमधली चूक कळवून काही उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा की, म्युझस्कोअर हा स्टाफ नोटेशन लिहिण्याचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, मग आपल्यासारख्यांनी त्यातली चूक कळवली तर कोणी लक्ष देतं का? देतात. मी व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांसाठी रोज त्यातच लिहितो, त्यामुळे हे अगदी मनापासून सांगतोय.

मार्टिन कीअरी हा संगीतकार आणि डिझायनर. २०१९ मध्ये त्याने यूट्यूबवर म्युझस्कोअरच्या मांडणीची चिरफाड करणारा व्हिडिओ टाकला. त्या लोकांनी राग न धरता त्यालाच डिझाइनचा प्रमुख केलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये आलेली ४.० आवृत्ती त्याच्या देखरेखीखाली तयार झाली. टीका इतकी मनावर घेतल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. त्यात जॅकसारख्या (एका प्रोग्रॅममधला आवाज दुसऱ्यात नेणाऱ्या) काही जुन्या सोयी गेल्या, ही नाराजीही खरी आहे.

पण कीअरीने नुसतं 'वाईट आहे' म्हटलं नव्हतं. कुठे क्लिक केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं, हे त्याने दाखवलं होतं. आपणही तेच करायचं. 'स्लर (सूर जोडणारी वक्र रेषा) विचित्र दिसतो' एवढ्यावरून कोणाला काहीच करता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: नवी फाइल, एकच व्हायोलिन, दोन बार (उभ्या रेषांमधले तालाचे भाग). पहिल्या बारच्या शेवटच्या सुरापासून दुसऱ्याच्या पहिल्या सुरापर्यंत स्लर दिला. मध्ये एंटर दाबून ओळ तोडली, की स्लरचं टोक खालच्या ओळीतल्या सुरावर चढतं. ती दोन बारांची फाइल जोडा. चाळीस पानांची सिंफनी पाठवली तर चूक शोधण्यातच समोरच्याचा दिवस जातो. सोबत आवृत्तीचा पूर्ण क्रमांक आणि विंडोज, मॅक की लिनक्स, हेही लिहा.

देवनागरीत गाण्याचे शब्द लिहिणाऱ्यांनी तर आवर्जून कळवावं. 'स्व' किंवा 'र्‍ही' कसं दिसायला हवं, हे परदेशात बसलेल्या डेव्हलपरला माहीत असण्याचं कारण नाही. बरोबर आणि चुकलेलं, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी द्या, फाँटचं नाव सांगा. हे आपल्याशिवाय कोण सांगणार?

ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले हा नोटेशनचाच दुसरा प्रोग्रॅम बंद होत असल्याचं जाहीर झालं. तिकडून येणाऱ्यांनी 'फिनालेत होतं तसं द्या' एवढंच म्हणू नये. कोणतं काम अडतंय ते सांगावं, वाट वेगळी निघू शकते.

तक्रार गिटहबवर, म्हणजे डेव्हलपर जिथे प्रोग्रॅमचा कोड ठेवतात त्या वेबसाइटवर, 'इश्यू' म्हणून टाका. आधी शोधून पाहा, तीच कोणी नोंदवली असेल तर तिथेच आपली फाइल जोडा. आणि स्कोअर डाउनलोड करायला पैसे मागतात, ही तक्रार तिथे नको. स्कोअर शेअर करण्याची ती वेबसाइट वेगळी, हा प्रोग्रॅम वेगळा. प्रोग्रॅम पूर्ण मोफतच आहे.