झेमोगुआनी रंगवण्याआधी

कायोवा या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीचा जलराक्षस रंगवायचा म्हणतोस, तर ड्रॅगनची चित्रं आधी बाजूला ठेव. झेमोगुआनी म्हणजे पाण्यात राहणारा, शिंगं असलेला प्रचंड मासा. सुरुवात सिल्व्हर हॉर्न या कायोवा चित्रकारापासून (१८६०–१९४०) कर. त्याची रेघ निवांत बघ. मग १९२० च्या दशकात ओक्लाहोमा विद्यापीठात शिकलेल्या मोपोपे, त्सातोके, होकेआ या कायोवा चित्रकारांची चित्रं पाहा. सपाट रंग, ठाम बाह्यरेषा, सावली जवळपास नाहीच, पार्श्वभूमी बहुतेकदा कोरी. म्हणून लाटा, फेस, धुकं भरत बसू नकोस. गवाश (अपारदर्शक जलरंग) वापर, पातळ जलरंगाचे ओघळ इथे चालायचे नाहीत. आणि हो, कायोवांमध्ये तंबूवरची चित्रं ठरावीक घराण्यांच्या मालकीची असत. ती जशीच्या तशी उचलू नकोस. आकृती स्वतःची रच, आणि प्रेरणा कायोवांची आहे हे चित्राखाली स्पष्ट लिही.