सांजेची मिस्सा की तेर्स?

प्रश्न आलाय तो असा: १७३०च्या सुमाराच्या वसईवर कादंबरी लिहिणं चालू आहे आणि तिच्यात वाक्य आहे, 'सांज झाली, चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना सुरू झाली.' इथे 'मिस्सा' बरोबर की 'मास'?

'मास' नको. तो इंग्रजी, आणि १७३९पर्यंत वसईत अंमल होता पोर्तुगीजांचा. पण आधी ती 'प्रार्थना' खोडा. कॅथलिक पात्र आलं की जे काही चाललं असेल त्याला सरसकट 'प्रार्थना' म्हणायचं, हे ऐकून ऐकून कान किटलेत. मिस्सा हा ख्रिस्तप्रसादाचा अख्खा विधी आहे. तेव्हा तो लॅटिनमध्ये, पाद्री वेदीकडे तोंड करून आणि लोकांकडे पाठ करून. शेवटी तो म्हणे, 'इते, मिस्सा एस्त', म्हणजे जा, निरोप झाला. या निरोपावरूनच विधीला नाव पडलं. सोळाव्या शतकात काही पंडितांनी हा शब्द हिब्रू ठरवला. आजही कुणीतरी ते ऐटीत सांगतो. मग 'आमेन'सारखा तो ग्रीक उपासनेत का नाही, याचं उत्तर मात्र देत नाही.

तुमच्या वाक्यातला खरा घोटाळा 'सांज' हा आहे. तेव्हा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा वर्ज्य, म्हणून मिस्सा सकाळची. सायंकाळच्या मिस्सेला परवानगी देण्याची मुभा बिशपांना मिळाली ती १९५३मध्ये!

सांजेला हवी तेर्स. काय सुरेख शब्द आहे! कोकणी ख्रिस्ती घरांत दिवेलागणीला रोजरीची, म्हणजे जपाची, माळ म्हणतात, ती ही. पोर्तुगीज 'तेर्सु' म्हणजे एकतृतीयांश. पूर्ण माळेत १५० 'नमो मारिया' (येशूच्या आईला घातलेली साद), बायबलातल्या १५० स्तोत्रांइतके. रोज एवढे कोण म्हणणार? म्हणून तिसरा हिस्सा, ५०. घराघरांत चक्क अपूर्णांक म्हटला जातो! कुणी तेर्सचा संबंध मठांतल्या 'तिसऱ्या तासा'च्या उपासनेशी जोडेलही. ती सकाळी नऊच्या सुमाराची, भिक्षूंची, लॅटिनमधली. शब्दाचं मूळ एक असेल, पण म्हणून सकाळ ओढूनताणून संध्याकाळ होत नाही.

माझा तर्क असा की मिस्सा पाद्र्याची, तेर्स आजीची. पोर्तुगीजात मिस्सा 'ऐकतात'. तेर्स स्वतःच्या तोंडाने म्हणायची. 'तेर्सु' जिभेवर झिजून 'तेर्स' झाला.

गंमत पुढेच आहे. २००२मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी माळेच्या १५ रहस्यांत (येशू-मारियेच्या आयुष्यातले प्रसंग, दर प्रसंगाला दहा 'नमो मारिया') प्रकाशाची ५ घातली. म्हणजे हिशेबाने तेर्स आता एकचतुर्थांश. नाव बदला म्हणणारा शुद्धिवादी अजून मला भेटलेला नाही. भेटला तर त्याला आधी आजीकडे पाठवीन.