विशेष काटकोन त्रिकोणांच्या बाजू: सुरुवात कशी करावी

सूत्रे पाठ करण्याची घाई करू नका. ४५°-४५°-९०° आणि ३०°-६०°-९०° हे दोन त्रिकोण कोठून येतात, ते आधी कागदावर काढून पाहा. चौरसाचा कर्ण काढला की ४५°-४५°-९०° चा त्रिकोण मिळतो. २ एकक बाजूच्या समभुज त्रिकोणाचा शिरोलंब काढला की पाया दुभागला जातो आणि १, √३ व २ या बाजूंचा ३०°-६०°-९०° चा त्रिकोण तयार होतो. यातील √३ पायथागोरसच्या प्रमेयाने तुम्ही स्वतः काढलेत, तर ते सहसा विसरणार नाही.

उदाहरण सोडवताना प्रथम ३०° समोरची बाजू शोधा, कारण कर्ण तिच्या दुप्पट आणि ६०° समोरची बाजू तिच्या √३ पट असते. समजा, ६०° समोरची बाजू ९ आहे. तर लहान बाजू ९ ÷ √३, म्हणजे ३√३, आणि कर्ण ६√३. येथे अनेक नवशिके भागण्याऐवजी गुणतात.

आणखी दोन चुका टाळा:
- √३ पट असलेल्या बाजूला कर्ण समजणे. √३ सुमारे १.७३ आहे, म्हणजे २ पेक्षा लहान.
- ४५° च्या त्रिकोणात (येथे कर्ण बाजूच्या √२ पट असतो) कर्ण दिलेला असताना बाजू काढण्यासाठी √२ ने भागण्याऐवजी तो निम्मा करणे.

त्रिकोणमितीय गुणोत्तरे तूर्त बाजूला ठेवा.